रेशनवालीची लघवी तपासून दारू कुणाची सुटणार?

सोसायटीच्या, ऑफिसच्या, शाळूसोबत्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. लाडकी बहीणचे पैसे आणि फुकट रेशन घेणाऱ्यांची आधी नशेची चाचणी करा, सापडेल त्याचं नाव कापा. अमेरिकेत असंच करून करोडो वाचवले. आपल्या टॅक्सवर यांनी का प्यावं?

आधी अमेरिकेचं बघू. फ्लोरिडात २०११ साली खरंच असा कायदा आला. रोख मदत मागणाऱ्या प्रत्येकाने पदरचे पैसे भरून लघवी तपासून घ्यायची, निकाल चांगला आला की सरकार खर्च परत देणार. चार महिन्यांत कोर्टाने ते थांबवलं. तेवढ्यात ४,०८६ जण तपासले गेले आणि सापडले १०८, म्हणजे शंभरात तीनसुद्धा नाहीत. बाकीच्यांना १ लाख १८ हजार डॉलर परत द्यावे लागले. त्या १०८ जणांना मदत दिली असती तरी एवढा खर्च आला नसता. २०१४ मध्ये अपिलातही तो कायदा घटनाबाह्य ठरला.

मेसेजचा राग दारूवर आहे, पण अमली पदार्थांच्या नेहमीच्या लघवी चाचणीत दारू येतच नाही. उलट कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घेतलेली किंवा भरपूर खसखस खाल्लेली व्यक्ती त्यात अफूवर्गीय पदार्थांसाठी सापडू शकते. खात्री करायला दुसरी, महागडी चाचणी लागते. तोवर त्या घराने खायचं काय?

आणि चाचणी होणार कुणाची? लाडकी बहीण तर बायकांसाठीच आहे. अन्न सुरक्षा कायद्यानुसार रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या बाईचं नाव लागतं. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेली पाहणी २०१९ मध्ये जाहीर झाली. तिच्यात दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के, बायका १.६. म्हणजे पिणार नवरा आणि लघवी तपासायला देणार बायको. नवऱ्यालाही तपासा म्हणाल, तर तो सापडल्यावर तांदूळ बंद होणार तिचा आणि पोरांचा.

एकदा रेशन दुकानावर उभं राहून बघा. धुणीभांडी करून बोटांच्या रेषा झिजलेल्या बायका मशीनवर अंगठा ठेवतात. ते घेत नाही. पदराला पुसून पुन्हा ठेवतात, मग दुसरं बोट. शेवटी दुकानदार म्हणतो, "मावशी, उद्या या." उद्या म्हणजे कामावर खाडा आणि मालकिणीची बोलणी. माणशी पाच किलो धान्यासाठी एवढं सोसणाऱ्या बाईला आता लॅबच्या रांगेतही उभं करायचं? घरकर्जावर करसवलत घेताना आपली लघवी कुणी तपासली नाही. आणि टॅक्स फक्त आपलाच नाही. साबणापासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत जीएसटी तीही भरते.

व्यसनाचा प्रश्न खोटा नाही. एमडी म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरीच्या नादाने वाया चाललेली पोरं मुंबईच्या वस्त्यांत आहेत आणि त्यांच्या आयांचा जीव टांगणीला लागलाय. केंद्राची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन त्यांच्यासाठीच आहे. अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ मध्ये नशा केल्याबद्दल पकडल्या गेलेल्या व्यसनी माणसालाही, तो स्वतःहून उपचार घेत असेल तर, खटल्यापासून संरक्षण आहे. पोरगा पुढे यावा म्हणून कायद्याने एवढी वाट ठेवलीय. त्याच्या नशेपायी घरातल्या पाच जणांचं धान्य जाणार असेल, तर आई त्याला दवाखान्यात न्यायचं सोडून घरात लपवेल.