गारपिटीला छाटणी म्हणायचं का?

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की आमच्या चर्चच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. यंदा तो मला तिघांकडून आला. गोषवारा असा: माळी द्राक्षवेल छाटतो तसा देव आपल्या लाडक्यांना आजार आणि संकटं देऊन छाटतो, सोसवेल त्याहून जास्त तो कधीच देत नाही, म्हणून रडू नका, कुरकुर म्हणजे अविश्वास, आणि दुःख घालवायची घाई करू नका, कारण जितकं दुःख मोठं तितकी आत्मिक वाढ मोठी. शेवटी ‘दहा जणांना पाठवा’.

माझ्या वहिनीला तो डायलिसिस चालू असताना आला. तिने वाचला, फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाली, “भाऊजी, हे लिहिणाऱ्याला कधी सुई टोचलेली दिसत नाही.” तेव्हा मी हे रागातच लिहितोय.

आधी छाटणी. निदान नाशिककरांना तरी या उदाहरणाने गुंडाळू नये. इथे एप्रिलात खरड छाटणी होते, ऑक्टोबरात गोडी छाटणी. काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, मोजून कात्री लागते, कापल्यावर डोळ्यांना पेस्ट लावतात, मग पाणी, खत, रोज सकाळी बागेत फेरी. आणि गारपीट झाली तर? निफाड-दिंडोरीकडचा कुठलाही बागायतदार “छान छाटणी झाली” म्हणत नाही, तो पंचनामा मागतो. वहिनीच्या दोन्ही किडन्या गेल्या ती गारपीट आहे. हे उदाहरण जिथलं, त्या बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायातही पुढची ओळ वाचायला हवी. दुसऱ्या वचनात छाटणी आहे, आणि लगेच तिसऱ्यात येशू शिष्यांना सांगतो की मी बोललेल्या वचनामुळे तुम्ही आधीच शुद्ध झाला आहात. मूळ ग्रीकमध्ये ‘छाटणे’ आणि ‘शुद्ध’ हे एकाच धातूचे शब्द. म्हणजे तिथली कात्री वचनाची आहे. आजाराचं तिथे नावही नाही.

कुणी इब्री लोकांस पत्राचा 12वा अध्याय काढेल: प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिक्षा करतो. आहे, खरंच आहे. पण तिथला शब्द मूल वाढवण्याचा, त्याला वळण लावण्याचा आहे. आणि ते पत्र विश्वासापायी छळ सोसलेल्या, मालमत्ता लुटली गेलेल्या माणसांना लिहिलंय. रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या बाईला ते चिकटवायचं कशाला?

“सोसवेल त्याहून जास्त देत नाही” हे तर पवित्र शास्त्रात कुठेच नाही. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 10:13 मध्ये आहे ते मोहाच्या परीक्षेबद्दल, मूर्तिपूजेपासून पळा असं सांगता सांगता. तोच पौल त्याच करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहितो की आशियात आमच्यावर शक्तीपलीकडचं ओझं आलं, इतकं की जगण्याचीही आशा सुटली. आता पौलालाही अविश्वासू म्हणायचं का?

रडण्याचं तर काय सांगावं. बायबलमधल्या ईयोबाने मुलं, मालमत्ता, तब्येत सगळं गमावलं, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले. त्यांनी केलेलं तेवढंच एक काम चांगलं. मग त्यांनी तोंड उघडलं, आणि ते जे बोलले ते या मजकुरापेक्षा फार वेगळं नव्हतं. ईयोब मात्र भांडला, जन्माच्या दिवसाला शाप दिला, देवाकडे जाब मागितला. शेवटी देव त्या मित्रांपैकी अलीफजाला काय म्हणतो? माझा सेवक ईयोब माझ्याविषयी नीट बोलला, तसे तुम्ही बोलला नाहीत. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी ‘तरी पण’ नाही. लाजराच्या कबरेपाशी येशू रडला, तेही त्याला उठवायला निघालेला असताना.

दुःख घालवायची घाई नको म्हणणाऱ्याने एकदा नाशिकच्या शरणपूर रोडने जाताना त्या नावाचा विचार करावा. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं एकोणिसाव्या शतकात मिशनने याच शरणपुरात ठेवली, त्यांना अक्षरओळख आणि हातातलं काम शिकवलं. ‘बेडीतच राहा, आत्मा वाढेल’ असं त्यांना कुणी सांगितलं नाही.

मग दुःखातून वाढ होतच नाही का? होते. संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा, हे रोमकरांस पत्रात पौलच लिहितो. पण तो ‘आम्ही’ म्हणतो, मार खाल्लेला माणूस स्वतःबद्दल सांगतोय. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचंच घ्या. नवऱ्याने 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि बाईंचं जग फुटलं. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला 1900 साली. मधली वर्षं त्या रडल्या, चिडल्या, भांडल्या. पुढे म्हातारपणी त्यांनी हे सगळं लिहिलं, तेही हसत हसत. आधी कुणी त्यांना ‘यातून तुझी वाढ होईल’ असं लिहून दिलं असतं तर बाईंनी त्याची चांगली खरडपट्टी काढली असती, याबद्दल मला तरी शंका नाही.

गेल्या मंगळवारी शेजारच्या पलंगावर एक कॉलेजातली मुलगी पहिल्यांदाच आली होती, भेदरलेली. तिला सुई लागेपर्यंत वहिनी तिचा हात धरून बसली, एक शब्द न बोलता. घरी येताना रिक्षात मी तो विषय काढला तर म्हणाली, “भाऊजी, हे ग्रुपवर टाकू नका हं.”