बोला म्हणता, पण कुठे आणि किती पैशात?
पुरुषांच्या मानसिक ताणावरच्या लेखात पुरुषांनी मन मोकळं करावं असं लिहिलंय, बरोबरच आहे, पण ठाण्यात घोडबंदर रोडला राहणारा, होमलोनचा हप्ता भरणारा माणूस प्रायव्हेट काउन्सिलरला दर आठवड्याला हजार-दीड हजार कुठून देणार ते पण लिहा ना. एनसीआरबी म्हणजे देशातल्या गुन्ह्यांची आणि आत्महत्यांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या २०२२ च्या आकड्यांत आत्महत्या करणाऱ्यांत जवळपास ७२ टक्के पुरुष होते, म्हणजे विषय छोटा नाहीये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात. घरात बोलता येत नसेल तर खाली पार्किंगमध्ये जाऊन लावा, आपल्याकडे निम्मे पुरुष तसेही बायकोपासून लपून सिगरेट ओढायला खाली जातातच. ठाण्याच्या मनोरुग्णालयात ओपीडी पण आहे, झोप उडालीय, छातीत धडधडतं असल्या तक्रारींना पण जाता येतं, ॲडमिटच करतील असं काही नसतं. लोक तिथल्या गेटवर कोणी ओळखीचं बघेल म्हणून जात नाहीत, अरे बघितलं तर बघू दे, तो पण तिथे कशाला तरी आलाच असेल ना. गर्दी असते, सकाळी लवकर जा, आणि आधीच्या गोळ्यांची चिठ्ठी असेल तर सोबत घ्या.