शार्दूल, ८२ची सरासरी आणि पालघरची गाडी

नमस्कार. भारताचा वेगवान गोलंदाज शार्दूल ठाकूर याच्या सुरुवातीच्या दिवसांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दोन टोले हाणलेत. रणजीच्या पहिल्या चार सामन्यांत ८२च्या सरासरीने, म्हणजे बळीमागे ८२ धावा देऊन, चार बळी घेणाऱ्या पोराला 'होतकरू' कुठल्या तोंडाने म्हणायचं, हा पहिला. आणि त्याच्या पालघरहून मुंबईला किटबॅग घेऊन गाडीने जाण्याचं कौतुक कशाला, पालघरहून हजारो माणसं रोज नोकरीला जातात, हा दुसरा. तुम्ही पालघरजवळच्या केळव्याचे, गाडीचं तुम्हाला मी काय सांगणार! तरी सांगतो.

आधी आकडे. चार बळींसाठी ३२८ धावा, वाईटच. त्या हंगामात, २०१२-१३ला, मुंबईने रणजी जिंकली; अशा संघातून नव्या पोराला काढायला निमित्तही लागत नाही. पण पुढच्या हंगामात त्याने सहा सामन्यांत २७ बळी घेतले, त्याच्या पुढच्या हंगामात दहा सामन्यांत ४८, तेही २१च्या आतल्या सरासरीने. २०१५-१६च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राचे आठ गडी त्यानेच टिपले. निवड समितीने 'कृपा केली' म्हणता, मग अशी कृपा आणखी दोघाचौघांवर व्हायला हवी होती. चार सामन्यांवर वेगवान गोलंदाज निकालात काढणं मला तरी पटत नाही.

आता गाडी. त्याचं रणजी पदार्पण २०१२च्या नोव्हेंबरातलं आणि पालघरवरून जाणारी डहाणू लोकल आली २०१३मध्ये. तोवर लोकल विरारपर्यंतच, पुढे शटल, नाहीतर मेल-एक्स्प्रेस. नोकरदाराला उशीर झाला तर लेटमार्क लागतो, पोराला उशीर झाला की नेटमधला सराव संपलेला असतो. शिवाय दिवसभर गोलंदाजी करून परत उभ्याने यायचं. मी कौतुक केलं ते त्याच्या चिवटपणाचं. प्रवास म्हणजे निव्वळ नासाडी, हे लेखात स्पष्ट लिहिलंय. म्हणून तर शाळेतले त्याचे प्रशिक्षक दिनेश लाड सरांनी त्याला बोरिवलीला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, ही मला त्याच्या सगळ्या कारकिर्दीतली मोठी गोष्ट वाटते. शालेय सामन्यात त्याने एका षटकात सहा षटकार मारले, ते लाड सरांच्याच शाळेकडून खेळताना.

हैदराबादला त्याच्या पहिल्याच कसोटीत दहा चेंडू टाकून तो जायबंदी झाला, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. पुढची कसोटी जानेवारी २०२१मधली, ब्रिस्बेनची. सामन्यात सात बळी आणि पहिल्या डावात ६७ धावा. माझा लेख सुरुवातीपुरता होता म्हणून ते त्यात आलं नाही, एवढंच.

खरं तर तुमच्या प्रतिक्रियेतलं मला खटकलं ते शेवटचं वाक्य: "अंगात असेल तर पोरगा कुठूनही वर येतो." उत्तर कोकणात निदान गाडी तरी आहे. आमच्या दापोली-गुहागरकडे या. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग क्रिकेटपुरते पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेत, म्हणजे निवड चाचणीसाठी घाट चढायचा. पावसाळ्यात मैदान बंद, बाकीचे दिवस जांभ्याच्या कातळावर टेनिस बॉल. रात्रीच्या चषक स्पर्धांत इथली पोरं असे यॉर्कर टाकतात की फलंदाज पाय उचलतात. पण सीझन बॉलची, म्हणजे खऱ्या चामडी चेंडूची, शिवण बोटांना कळायला वर्षं लागतात, आणि तो हातात येतो तेव्हा पोरगा विशीत असतो, घरचे नोकरीचं विचारत असतात. तालुक्याला एक धड टर्फ विकेट, म्हणजे माती-गवताची खेळपट्टी, आणि तिच्यावर कुणीतरी पगारी माणूस, एवढीच लेखातली माझी मागणी होती. तिला तुम्ही रडगाणं म्हणालात. म्हणा, पुढच्या लेखात ती पुन्हा करणार आहे.