कुलूप लावलं तर वेळेवर उघडायचं कसं?

यंदाच्या गणपतीत डॅलसजवळच्या एका मित्राकडे आरतीला गेलो होतो. आरती झाली, मोदक झाले, आणि यजमान आम्हा दोघा-तिघांना हळूच वर घेऊन गेला. "एक गंमत दाखवतो." कपाटाचा खण, त्यात इस्त्रीचे कुर्ते, कुर्त्यांखाली जुन्या नॅपकिनमध्ये गुंडाळलेलं पिस्तूल. २०२० मध्ये घेतलं म्हणे, "तेव्हा सगळेच घेत होते." हे खरं आहे, त्या वर्षी अमेरिकेत बंदुकांची विक्रमी विक्री झाली. भरलेलं आहे का विचारलं. आहे. आणि कुलूप? तर म्हणाला, "अरे, कुलूप लावलं तर वेळेवर उघडायचं कसं?"

खाली पोरांची लपाछपी चालली होती. लपायला या घरांत कपाटांशिवाय दुसरं असतं काय?

तिथे मी काही बोललो नाही. सणाच्या दिवशी कुणाच्या घरी जाऊन वाद कशाला. पण त्याचा प्रश्न डोक्यातून जाईना, कारण प्रश्न रास्त आहे. त्यामागचा मूळ प्रश्न हा: घरात बंदूक असली की घरातली माणसं जास्त सुरक्षित होतात की कमी? यावर रात्रभर भांडता येतं, पण मोजताही येतं. आर्थर केलरमन नावाच्या डॉक्टरने ते मोजलं होतं. मेम्फिस, सिएटल आणि क्लीव्हलँड ज्या काउंट्यांत येतात, तिथे घरातच खून झालेल्या माणसांची माहिती काढली आणि त्याच परिसरातल्या, त्याच वयाच्या इतर लोकांशी ताडून पाहिली. १९९३ साली निष्कर्ष छापून आला: बंदूक असलेल्या घरात खून होण्याची शक्यता २.७ पट, आणि मारणारा बहुतेक वेळा घरातला किंवा ओळखीचा. अभ्यासाला पैसा होता सीडीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा.

पद्धतीवर आक्षेप आले. यायलाच हवेत. अशा अभ्यासात कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे सुटं करणं अवघडच असतं. आधीच भीती असलेला माणूस बंदूक घेतो, असंही असू शकतं. त्यावर उपाय एकच, आणखी मोठा, आणखी चांगला अभ्यास. अमेरिकन काँग्रेसने १९९६ मध्ये नेमकं उलट केलं. आर्कान्सासचे खासदार जे डिकी यांनी बजेटमध्ये एक ओळ घुसवली: इजा प्रतिबंधाचा सीडीसीचा पैसा बंदूक नियंत्रणाचा पुरस्कार करायला वापरता येणार नाही. सोबत सीडीसीचे २६ लाख डॉलर वळवून मेंदूच्या दुखापतींच्या कामाला दिले. आदल्या वर्षी बंदुकांच्या संशोधनावर झालेला खर्च होता बरोबर २६ लाख. हा इशारा कळण्याएवढी समज कुठल्याही सरकारी कर्मचाऱ्याला असते.

गंमत म्हणजे त्या ओळीत संशोधनाला बंदी नव्हतीच. पण 'पुरस्कार' म्हणजे नक्की काय हे कुणी सांगितलं नाही, आणि विचारायची हिंमतही कुणी केली नाही. साहेब नाही म्हणाले नाहीत, पण साहेबांनी भुवई उचलली. आपल्याकडच्या तालुका कचेरीत जे होतं तेच अटलांटात, सीडीसीच्या मुख्यालयात झालं. वीसेक वर्षं हे दुकान जवळजवळ बंद. तरुण संशोधक दुसऱ्या विषयांकडे गेले. सॅक्रामेंटोचे इमर्जन्सी डॉक्टर गॅरन विंटम्यूट यांनी स्वतःच्या खिशातले दहा लाख डॉलरहून जास्त घालून काम चालू ठेवलं. त्यांना कोपरापासून नमस्कार, पण देशाचं सार्वजनिक आरोग्य एका माणसाच्या बचतीवर चालवायचं असतं का?

डिकींनाच पुढे पश्चात्ताप झाला. तेव्हा सीडीसीच्या इजा केंद्राचे प्रमुख असलेले मार्क रोझेनबर्ग त्यांचे कट्टर विरोधक. नंतर दोघांची मैत्री झाली, आणि २०१२ मध्ये दोघांनी मिळून वृत्तपत्रात लेख लिहिला की हे संशोधन व्हायला हवं. त्यांचं उदाहरण गाड्यांचं होतं. अपघात मोजले, कारणं शोधली, रस्ते-गाड्या सुधारल्या, माणसं वाचली, आणि गाड्यांवर बंदी कुणी घातली नाही.

पैसा परत सुरू व्हायला डिसेंबर २०१९ उजाडला. सीडीसी आणि एनआयएच (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) मिळून वर्षाला अडीच कोटी डॉलर. ऐकायला भरपूर. पण एकट्या एनआयएचचं बजेट ४० अब्जांच्या वर आहे, आणि २०२१ या एका वर्षात अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. दिवसाला १३० हून जास्त.

त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या आहेत. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बंदूक म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर शाळेतला माथेफिरू येतो; कपाटातलं पिस्तूल आणि नोकरी गेलेला, व्हिसाची मुदत मोजत बसलेला माणूस कुणाला दिसत नाही. विदर्भात ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको: त्या एका वाईट रात्री हाताशी काय आहे, यावर बरंच काही ठरतं. श्रीलंकेने सर्वांत विषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बंद केली आणि वीसेक वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. कुणीतरी मोजलं म्हणून कळलं.

आणि मित्राच्या प्रश्नाचं उत्तर? २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी कॅलिफोर्नियातल्या लाखो प्रौढांच्या नोंदी तपासल्या. कॅलिफोर्निया पिस्तुलांची नोंद ठेवतं म्हणून हे जमलं. स्वतःकडे बंदूक नाही, पण पिस्तूलवाल्यासोबत राहतात, अशा लोकांत खून होण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. जोडीदाराकडून मारल्या गेलेल्यांत बहुतेक बायका. केलरमननंतर २९ वर्षांनी. मधल्या काळात ज्यांनी "सेफ्टीसाठी" म्हणून घेतली, त्यांना हे सांगणार कोण होतं? डॉक्टर? फ्लोरिडाने तर २०११ मध्ये कायदा करून डॉक्टरांना, घरात बंदूक आहे का, हे विनाकारण विचारायलाच मनाई केली होती. २०१७ मध्ये कोर्टाने ती उडवली. आमच्या मुलाच्या डॉक्टरकडे दरवर्षी एक फॉर्म भरतो. कार सीट, स्मोक अलार्म, स्विमिंग पूल, बंदूक. चार खुणा केल्या की झालं. त्यात अपमान वाटण्यासारखं काय आहे, मला अजून कळलेलं नाही.

जून २०२४ मध्ये सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य आरोग्य सल्लागार, विवेक मूर्तींनी बंदुकीच्या हिंसेला सार्वजनिक आरोग्याचं संकट म्हटलं. सरकार बदललं आणि मार्च २०२५ मध्ये हे सांगणारं पान सरकारी वेबसाइटवरून उतरवलं गेलं. कोंबडं झाकायची हौस काही जात नाही.

मित्राच्या मुलाचा वाढदिवस ८ नोव्हेंबरला आहे. आमच्या पोराला बोलावलंय. बायकोने सरळ फोन करून विचारलं, सेफ घेतली का? तो हसला, "घेतो हो वहिनी, ब्लॅक फ्रायडेला स्वस्त मिळेल."

पार्टी आमच्याकडे करायचं ठरवलंय.