एकच फाईल, तीन कॉम्प्युटर, तीन वेगळ्या प्रिंट!

सदाशिव पेठेतलं सीएचं ऑफिस असो की भोसरीतला वर्कशॉप, रड तीच. अकाउंट्सच्या मशीनवर एका पानात बसणारी एक्सेल शीट शेजारच्या टेबलावरून दोन पानांत येते, आणि दुसऱ्या पानावर काय, तर एकटा 'एकूण' कॉलम! मग सगळे प्रिंटरला शिव्या घालतात. अहो, पानं कुठे तुटणार हे एक्सेल त्या मशीनवरच्या डिफॉल्ट (म्हणजे न सांगता आपोआप निवडल्या जाणाऱ्या) प्रिंटरच्या ड्रायव्हरला, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, विचारून ठरवतं. ड्रायव्हर बदलला की मार्जिन बदलणार, अक्षरांची रुंदी बदलणार. त्यात विंडोजमध्ये 'डिफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू द्या' हे चालू असलं, की शेवटी वापरलेला प्रिंटरच डिफॉल्ट होतो. ते आधी बंद करा!

कागदाचा साइझ तर कुणी बघतच नाही. ट्रेमध्ये ए4, सेटिंगला लेटर (अमेरिकेत चालणारा कागदाचा साइझ). लेटरची उंची 279 मिमी, ए4ची 297. म्हणजे 18 मिमी गेले, खालच्या तीन-चार ओळी पुढच्या पानावर.

पेज लेआउटमध्ये साइझ ए4 करा, प्रिंट एरिया (शीटचा छापायचा भाग) ठरवा, स्केल टू फिटमध्ये विड्थ 1 पेज आणि हाइट ऑटोमॅटिक ठेवा. हाइटलाही 1 दिलं तर दोनशे ओळींची शीट मुंगीएवढी छापली जाते. फॉन्टही असा घ्या जो सगळ्या मशीनवर आहे. मराठी मजकुराला निर्मला यूआय चालतो.

आणि बाहेर पाठवायचं असेल तर पीडीएफच पाठवा ना! एक्सेल कशाला पाठवता?