मी टाकी वाजवली नाही

आधी खुलासा करून टाकतो. संक्रांतीच्या दुपारी मी शेजारच्या काकूंच्या गच्चीवर गेलो होतो तो पतंग काढायला. पाणी बघायला नाही.

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याला हे उलगडून सांगावं लागणार नाही. इतरांसाठी सांगतो. पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर पैठणला जायकवाडी धरणाचा शंभर टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) मोठा नाथसागर आहे आणि आमच्या गल्लीत नळ येतो आठवड्यातून एकदा, तोही रात्री अडीचला. त्यामुळे इथली गच्ची टाक्यांची. उरलेल्या जागेत पतंगवाल्यानं पाय ठेवायचा.

तर लेकीच्या पतंगानं गोता खाल्ला आणि तो काकूंच्या टाकीवर जाऊन बसला. अण्णा म्हणाले, "जा, काढून आण." वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी गेलो.

काकू जिन्याच्या तोंडाशीच उभ्या. "कामून आलात वर?"

"पतंग अडकलाय, काकू. टाकीवर."

"कोणत्या?"

तीन होत्या. "मधल्या."

"मधल्याच कामून?"

"ते पतंगानं ठरवलं, काकू."

"मधलीच भरलेली आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली. घरातली गुप्त गोष्ट परक्याला कळली होती. तिथून पुढं मी शेजारी राहिलो नाही, संशयित झालो.

मी टाचा उंचावून हात लांबवला. तोल गेला, हात टाकीवर आपटला.

"वाजवून बघितली!"

"तोल गेला हो."

"मला नका शिकवू. ठक्क वाजली की भरलेली, ढम्म वाजली की रिकामी. कशी वाजली?"

"ठक्क," मी म्हणालो. खरं बोलायची ही वेळ नव्हती.

"बघा! ऐकलंच ना? तुमच्याकडं नळ कधी आला?"

"शुक्रवारी."

"आमच्याकडं बी शुक्रवारीच. मग तुमची कामून संपली?"

"संपली नाही, काकू."

"मग मह्या टाकीशी काय काम?"

याला उत्तर नसतं. त्यांनी धुणं काढायच्या काठीनं पतंग खाली ओढला, कडेला धरला आणि म्हणाल्या, "हा राहू द्या इथं. अण्णांना पाठवा, त्यांच्या हातात देते." माझ्या नावावर घराचं कर्ज आहे. बँकेनं दिलं. दहा रुपयांच्या पतंगाला मात्र मला जामीनदार लागला.

आमच्या कठड्यावरून अण्णा, दादा आणि लेक हे सगळं बघत होते. एकानंही तोंड उघडलं नाही.

मुळात माझा हा उद्योगच नव्हे. मी चक्रीवाला. सातव्या वर्षापासून. अण्णा उडवायचे, मग दादा उडवायचा, मी मागं मांजाची चक्री धरून उभा. दादा पुण्याला गेला तेव्हा म्हटलं, आता आपली पाळी. तोवर लेक मोठी झाली. "पप्पा, चक्री धरा." पतंग उडवायचं वय माझ्या वाट्याला आलंच नाही, मधल्या मधे कुठंतरी गळालं.

पण आमच्या घरात बोलणं म्हणाल तर तेवढंच. दादा दिवाळीत येतो आणि मोबाईल बघतो. अण्णांनी मला दहावीचे मार्क विचारले नाहीत, पगार विचारला नाही. बोलले ते गच्चीवर, पाठमोरे. "ढील दे." "गुंडाळ." "झोपला का?" फाटलेल्या पतंगाला शिळ्या भाताचं शीत लावून कागद डकवायचे आणि ते वाळेपर्यंत माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहायचे. हात मोकळा ठेवायला जागा नसायची म्हणून असेल. उपकार मानायचे तर त्या शितांचे मानतो.

आता शीत लावून चिकटवण्यापुरताही पतंग परत येत नाही. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठानंही स्वतःहून दखल घेतली. तरी पलीकडच्या गल्लीतल्या पोराच्या हातात तोच. सुती दोरा घासला की तुटतो, म्हणून तर पेचात मजा. हा तुटत नाही, चिरत जातो. पाखरांचे पंख, दुचाकीवाल्यांचे गळे. जानेवारीभर मी किराणा आणायलाही मफलर गुंडाळून जातो आणि दुकानदार विचारतो, "घसा धरला का?" हसू येत नाही. लेकीला स्कूटीवर पुढं उभी करणं मी कधीच बंद केलं.

असो. संध्याकाळी बायको काकूंकडच्या हळदीकुंकवाला गेली. परतली ती वाण घेऊन. वाण काय, तर पाणी घ्यायचा प्लास्टिकचा मग. ती नाही म्हणते, पण मला तो टोमणाच वाटतो. सोबत तिळगूळ आणि आमचा पतंग. एक कामटी मोडलेली.

अण्णांनी पतंग उजेडाकडं धरला. कन्नीवरून, म्हणजे मांजा जिथं बांधतात त्या दोऱ्यावरून, अंगठा फिरवला, वरच्या गाठीपासून चार बोटं मोजली, थांबले, परत मोजली.

"ही कन्नी कुणी बांधली होती?"

"मी."

"तरीच."

त्यांनी ती दातानं तोडली, नवा दोरा थुंकीनं ओला केला आणि गाठ मारायला घेतली. मोडक्या कामटीला काडी बांधून झाली तेव्हा अंधार पडायला लागला होता, वाराही पडला होता. तरी तिघं जिन्याकडं निघाले. अर्ध्या पायऱ्यांवरून लेकीनं हाक मारली.

"पप्पा, चक्री!"