बर्फ निर्दोष आहे, मनुक्यांचे काय?

उन्हाळा लागला की कुत्र्यांना थंड ठेवण्याविषयीचा एक संदेश व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. यंदा तो मुलुंडला राहणाऱ्या माझ्या मावशीपर्यंत पोहोचला आणि तिने तो प्रमाण मानून आपल्या लॅब्रॅडॉरसाठी काळे मनुके भिजत घातले, म्हणून हे लिहावे लागत आहे. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: कुत्र्याला बर्फ दिल्यास पोटाला पीळ पडून तो मरतो, कारण बर्फ मुळात उष्ण असतो, त्याऐवजी मनुके, चिंच आणि गूळ यांचे पाणी गोठवून 'सात्त्विक कुल्फी' द्यावी, साखर नको असल्यास शुगर-फ्री आइस्क्रीम चालते, ताक उत्तम, केस भादरून टाकावेत, आणि ऊन लागलेच तर कांद्याचा रस पाजून ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवावे. खाली 'परळच्या ज्येष्ठ डॉक्टरांचा सल्ला' एवढीच सही आहे. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, त्यामुळे परळचे नाव घेतले की माणसे पुढचे काही विचारत नाहीत. डॉक्टरांचे नाव मात्र संदेशात कुठेही नाही.

बर्फ देऊ नये आणि गोठवलेली कुल्फी द्यावी, या दोन वाक्यांतला विरोध लिहिणाऱ्याच्या लक्षात आला नाही आणि पुढे पाठवणाऱ्यांच्याही आला नाही. गोठवलेले चिंचेचे पाणी हाही बर्फच असतो.

पोटाला पीळ पडण्याचा आजार खरा आहे, एवढे मान्य करावे लागेल. पोट वायूने फुगते, स्वतःभोवती फिरते आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या, खोल छातीच्या जातींत तो अधिक आढळतो. पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याची जी जोखीम-कारणे पुढे आली ती अशी: वाढते वय, जवळच्या रक्ताच्या नात्यात हा आजार झालेला असणे, बकाबका खाणे आणि खाण्याचे भांडे उंचावर ठेवणे. बर्फ त्या यादीत नाही. पोट टम्म फुगलेले असेल आणि कुत्रा ओकाऱ्या काढत असूनही बाहेर काही पडत नसेल, तर बर्फ दिला होता की नाही याची चर्चा न करता त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे. बर्फाविषयी खरी सावधगिरी वेगळीच आहे: मोठा कडक खडा कडाकडा फोडताना दात तुटू शकतो, म्हणून तो गोळेवाल्यासारखा किसून किंवा कुटून द्यावा.

बर्फ उष्ण असतो, हे वाक्य आपल्याकडे आज्यांपासून चालत आले आहे आणि त्याला उत्तर देण्याचा मला कंटाळा आहे. तरीही एक हिशेब सांगतो, कारण तो बर्फाच्या भक्तांनाही लागू पडतो. वीस ग्रॅमचा खडा वितळून कुत्र्याच्या अंगाच्या तापमानाला येईपर्यंत साधारण अडीच किलोकॅलरी उष्णता शोषतो. तीस किलोच्या कुत्र्याचे तापमान एक अंशाने उतरवायला सुमारे पंचवीस किलोकॅलरी काढून घ्याव्या लागतात. म्हणजे एका खड्याने जेमतेम दशांश अंशाचा फरक पडेल. गोठवलेला खाऊ म्हणजे पोटात गेलेले थोडे पाणी आणि कंटाळलेल्या जनावराची अर्ध्या तासाची करमणूक. तो मारत नाही, तसा उष्माघातातून वाचवतही नाही.

आता मनुके आणि चिंच. द्राक्षे, बेदाणे आणि मनुके यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हे पशुवैद्यकांना दोन दशकांहून अधिक काळ माहीत आहे. कशामुळे, हे मात्र कळत नव्हते. अमेरिकेतील एएसपीसीए या संस्थेच्या विषबाधा नियंत्रण केंद्रातील डॉक्टरांना त्याचा धागा सापडला तो घरी मळलेल्या खेळण्याच्या कणकेत. ती खाल्लेल्या कुत्र्याला द्राक्षांच्या विषबाधेसारखाच त्रास झाला होता आणि कणकेत क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार, भरपूर होता. द्राक्षांतही हेच आम्ल असते. २०२१ साली त्यांनी हा तर्क पशुवैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि पुढच्या वर्षी मूत्रपिंडाला इजा झालेल्या कुत्र्यांची प्रकरणे सविस्तर प्रसिद्ध केली. त्या लेखाच्या शीर्षकातच क्रीम ऑफ टार्टरच्या शेजारी दुसरे नाव आहे ते चिंचेचे. चिंचेचा आंबटपणा प्रामुख्याने टार्टारिक आम्लाचाच असतो. थोडक्यात, ज्या दोन वस्तूंवर कुत्र्याच्या मूत्रपिंडांना इजा केल्याचा सबळ संशय आहे, त्याच दोन एकत्र कालवून हा संदेश त्यांना सात्त्विक म्हणतो.

पित्तावर रात्री भिजवलेले काळे मनुके घेणाऱ्या घरांत ही कृती पटकन पटते, हे मी समजू शकतो. आपल्याला जे मानवते ते कुत्र्यालाही मानवेल, अशी ती भाबडी समजूत आहे. हे आम्ल माणसाचे शरीर सहज बाहेर टाकते. कुत्र्याच्या मूत्रपिंडाला ते तसे जमत नाही, असा संशोधकांचा कयास आहे. त्यावर ठरलेला आक्षेप येतो: आमच्या टॉमीने तासगावचे मूठभर बेदाणे खाल्ले, त्याला काही झाले नाही. झाले नसेल. फळाची जात आणि पिकण्याची अवस्था यांनुसार आम्लाचे प्रमाण बदलते, त्यामुळे अमुक मनुक्यांपर्यंत धोका नाही असा आकडा सांगता येत नाही. आणि मनुके वाळवलेले असल्यामुळे थोड्याच दाण्यांत बऱ्याच द्राक्षांचा ऐवज असतो. पहिली उलटी बहुधा पहिल्या चोवीस तासांत होते, लघवी कमी होऊ लागते ती त्यानंतर, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो. ज्यांनी ही कुल्फी आधीच दिली आहे त्यांनी लक्षणांची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना फोन करावा. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा उद्योग करू नये. त्याने दुसरीच विषबाधा होते. मावशीचे मनुके भांड्यातच राहिले होते, हे नशीब.

शुगर-फ्रीचा मुद्दा याच तोडीचा धोकादायक आहे, फक्त तो सोडवणे सोपे आहे. अशा काही पदार्थांत साखरेऐवजी झायलिटॉल नावाचे गोड द्रव्य असते. ते पोटात गेल्यावर कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिनचा लोंढा सुटतो, रक्तातील साखर तासाभरातही धोक्याइतकी खाली येऊ शकते आणि मात्रा जास्त असल्यास यकृतावर घाला पडतो. डब्यावर झायलिटॉल किंवा ९६७ हा क्रमांक दिसला, तर तो डबा, मग तो पीनट बटरचा का असेना, कुत्र्यापासून दूर ठेवावा. कांद्याविषयी तर बोलायलाच नको. उन्हात निघताना खिशात कांदा ठेवणाऱ्याची मी थट्टा करणार नाही, पण तो कुत्र्याच्या पोटात गेला तर तांबड्या रक्तपेशी फुटतात, मग तो रस असो, शिजवलेला असो वा पूड.

ताकाचे मात्र खरे आहे. कुरकुरत का होईना, ते मान्य करतो. वयाने मोठ्या झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना दूध पचत नाही. दह्यात दुग्धशर्करा कमी असल्याने ते बऱ्याच जणांना चालते. अट एवढीच की ताक पातळ असावे आणि त्यात मीठ, हिंग, आले, मिरची यांपैकी काही नसावे. ते वाटीत गोठवावे, किंवा बिया काढलेल्या कलिंगडाचे तुकडे गोठवावेत, किंवा कांदा, लसूण व मीठ न घालता उकळलेल्या कोंबडीचे पाणी. आंब्याचा गर थोडासा चालतो. कोय देऊ नये, ती आतड्यात अडकते. असा सगळा वरखाऊ मिळून दिवसाच्या आहाराच्या दहाव्या भागापलीकडे जाऊ नये.

केस भादरण्याचा सल्ला हस्की किंवा जर्मन शेफर्डसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्यांना सरसकट लागू होत नाही. नियमित विंचरून सुटलेले केस काढणे पुरेसे असते.

राहिला ओला टॉवेल. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास पंजांपुरताच; त्याचा सारा भरवसा धापा टाकून बाष्पीभवन करण्यावर असतो आणि मुंबईच्या मे महिन्यातल्या दमट हवेत तेच नीट होत नाही. चपट्या नाकाच्या पगची अवस्था तर आणखी बिकट असते. अशा वेळी अंगाभोवती गुंडाळलेला टॉवेल थोड्याच वेळात गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या, असे लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजचे सांगणे आहे. कुत्र्याला सावलीत घ्यावे, अंगावर पाणी ओतत राहावे, पंखा लावावा. तरुण आणि धडधाकट कुत्रा असल्यास डोके वर धरून थंड पाण्यात बसवले तरी चालते. शुद्ध हरपत असल्यास तोंडात पाणी किंवा बर्फ घालू नये. दवाखान्यात आधी फोन करावा आणि जाताना गाडीचा एसी चालू ठेवावा. रिक्षा मिळाली तर दोन्ही बाजूंचे पडदे वर बांधून घ्यावेत आणि पाण्याची बाटली हाताशी ठेवून वाटेतही अंग भिजवत राहावे.